कॅम्पातली रिप्लेसमेंट मेडलं: रिबन उत्तम, धातू ठीक, डबी मात्र पारखून घ्या

आजोबांची मेडलं हरवली किंवा वाटणीत एका भावाकडे गेली, की घरची मंडळी फ्रेम पुरी करायला पुण्याचा कॅम्प गाठतात. तिथल्या लष्करी सामानाच्या दुकानांत दुसऱ्या महायुद्धाचा नेहमीचा सेट तयार मिळतो: १९३९-४५ स्टार, बर्मा किंवा इटली स्टार, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. भिंतीवर लावण्यासाठी हा माल चांगला आहे. जुनं म्हणून कुणी विकत असेल, तर मात्र नीट तपासायला हवं.

जाताना व्हर्नियर (मिमीचे अंशही मोजणारी मोजपट्टी), १० पटीचं भिंग आणि छोटं लोहचुंबक न्या. अस्सल वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल तांबं-निकेलच्या मिश्रधातूची, व्यास ३६ मिमी. ती चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटलं, तर आत लोखंड आणि वर मुलामा. ओतीव नक्कल बहुधा अर्ध्या मिमीने लहान भरते, कारण साचा खऱ्या मेडलवरून काढतात आणि ओतलेला धातू थंड होताना आकसतो. इंडिया सर्व्हिस मेडलच्या मागे भारताचा नकाशा आहे. भिंग त्याच्या किनारपट्टीवर धरा. ओतीव मालात किनारा मऊ, विरघळल्यासारखा दिसतो आणि आसपास सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. ठशाचा, म्हणजे साच्यात न ओतता ठशाने दाबून काढलेला माल असेल तर रेघ स्वच्छ उठते. पैसे ठशाच्या मालालाच द्या.

पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या वॉर मेडलची गोष्ट वेगळी. तिच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशाने उमटवलेली असते. काही जण मूळ नाव घासून दुसरं घालतात. व्यास चार-पाच ठिकाणी मोजा, घासलेल्या जागी तो कमी भरतो. कडेवर इंग्रजीत ‘रिप्लेसमेंट’ असा शिक्का असला, तर घाबरू नका. ती सरकारनेच नंतर दिलेली बदली प्रत असते आणि संग्रहात ती प्रामाणिक वस्तू आहे.

रिबनीच्या बाबतीत कॅम्पला पूर्ण गुण. रुंदी ३२ मिमी, विणकाम घट्ट, रंग बरोबर. लटकत्या पद्धतीने बसवायला एका मेडलला १५ सेंमी रिबन पुरते, पाठपट्टीवर ताणून बसवायची तर २५ सेंमी धरा. १९३९-४५ स्टारच्या रिबनीवर गडद निळा, लाल आणि फिका निळा असे तीन समान पट्टे असतात. समोरून पाहताना गडद निळा डावीकडे हवा. शिवणाऱ्याकडून हा पट्टा उलटा लागणं ही नेहमीची चूक, म्हणून काम घेताना तिथेच उभं राहून बघा. इटली स्टारचे पट्टे दोन्हीकडून सारखे असल्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. आणखी एक गोष्ट ठणकावून सांगा: मेडल दोऱ्याने टाचायचं, गरम गोंद अजिबात नको. तो गोंद काढताना मेडलच्या पाठीवर कायमचे ओरखडे पडतात.

खरी मेहनत डबीची. दुसऱ्या महायुद्धाची मेडलं साध्या तपकिरी पुठ्ठ्याच्या छोट्या डबीत येत. आत पातळ कागदी पाकिटं, रिबनीच्या वेगळ्या घड्या आणि कोणती मेडलं दिली ते सांगणारी छापील चिठ्ठी. ही चिठ्ठी डबीपेक्षा मोलाची, कारण आतली मेडलं तिच्याशी ताडून बघता येतात. जुन्या बाजारात रिकामी डबी हाती आली, तर अंधाऱ्या जागी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. कागद किंवा दोरा निळसर पांढरा झळाळला, तर त्यात युद्धानंतर वापरात आलेलं उजाळा देणारं रसायन आहे. ३९५ चा स्वस्त टॉर्च घेऊ नका, त्याच्या जांभळ्या उजेडात काहीच कळत नाही. रिबनीचा एकच धागा जाळूनही कळतं: रेशमाला केस जळल्याचा वास येतो, रेयॉनला कागदाचा, आणि पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

जुन्या डबीत नवं मेडल ठेवायला हरकत नाही, पण आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवीच: ‘डबी मूळ, मेडल रिप्लेसमेंट’. वर्ष आणि दुकानाचं नावही लिहा. नाहीतर वीस वर्षांनी हाच सेट ‘पूर्ण ओरिजिनल’ म्हणून विकला जातो आणि घेणाऱ्याबरोबर त्या जवानाच्या नोंदीचीही फसवणूक होते.

स्वातंत्र्यानंतरचं मेडल हरवलं असेल, तर दुकानाआधी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअर) आपल्या खडकीतच. सर्व्हिस नंबर हाताशी ठेवा. कागद जुळवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं.

घरी आणल्यावर ब्रासोला हात लावू नका. वर्षानुवर्षांची झाक त्याने एका फडक्यात जाते आणि उठावही झिजतो. पीव्हीसीच्या पाकिटात तांब्याला हिरवा चिकट थर धरतो, रबरबँडमुळे चांदी काळी पडते. आम्लरहित कागद किंवा पॉलिएस्टरची पाकिटं वापरा. डबीचा कोपरा उसवला, तर सेलोटेप किंवा फेव्हिकॉल नको, पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने जोडा आणि पूर्ण वाळू द्या, ओली खळी राहिली तर कसर लागते. पुण्याच्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या ५ ग्रॅमच्या दोन पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला बदला.