सोलापुरी चादर ऑनलाइन घेताना: तारे, रिव्ह्यू, विक्रेत्याचा शब्द की छापील पत्ता?

लग्नसराई जवळ आली की सोलापूरबाहेरच्या नातेवाइकांचे मेसेज सुरू होतात: "चादरीची लिंक पाठवलीय, ४.३ रेटिंग आहे, मागवू का?" उत्तर देताना मी रेटिंग सगळ्यात शेवटी बघतो. पानावर डोळ्यांत भरतात ते तारे, मग लोकांचे रिव्ह्यू, मग विक्रेत्याचे दावे, आणि पार तळाशी कुणी न वाचलेला तपशील. भरवसा ठेवायचा तर हाच क्रम बराचसा उलटा धरावा.

तळापासूनच बघू. निर्माता, पॅकर किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश, नगांची संख्या हे पॅकबंद मालाबाबत ऑनलाइन दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे. ते खोटं निघालं तर कुणाला धरायचं हे ठरलेलं असतं. 'मऊ, उबदार, अस्सल' या विशेषणांना तसा धनी नसतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, इथल्या टेरी टॉवेललाही आहे. त्यामुळे दुसरीकडे विणलेल्या चादरीला हे नाव लावता येत नाही. निर्मात्याचा पत्ता परराज्यातला आणि नाव मात्र 'सोलापुरी' असेल तर तिथंच थांबा. फक्त पॅकर किंवा विक्रेता बाहेरचा असेल तर लगेच नकार देऊ नका, माल व्यापाऱ्यांकडून फिरतो. चादर कुठं विणली ते प्रश्नोत्तरांच्या जागेत सरळ विचारा. उत्तराला बगल दिली, तर तेही उत्तरच समजा.

आता विक्रेत्याचे दावे. 'सोलापुरी डिझाइन', 'सोलापुरी स्टाइल' असं लिहिलं असेल तर चादर सोलापूरची आहे असं विक्रेता म्हणतच नाहीये. 'कॉटन ब्लेंड' आणि 'कॉटन फील' म्हणजे शुद्ध सुती नाही. 'हातमागावर विणलेली' हा दावा मला जास्त खटकतो. आजची बहुतेक सोलापुरी चादर यंत्रमागावर, जकार्ड (विणतानाच नक्षी उठवणारी यंत्रणा) लावून निघते, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यांनी हीच चादर घराघरांत पोचवली. मग स्वस्त चादरीला हातमागाचं नाव कशासाठी? दावा खरा असेल तर हातमागाच्या मालाला मिळणारं सरकारी 'हँडलूम मार्क'चं लेबल दाखवा म्हणावं. खोडलेल्या मोठ्या किमतीशेजारची घसघशीत सवलतही पाकिटावरच्या एमआरपीशी ताडून बघा. 'फक्त २ शिल्लक' अशी खोटी घाई लावणं तर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवलं आहे.

रिव्ह्यू मात्र टाकाऊ नाहीत, ते वाचायचे कसे हे कळलं पाहिजे. चादरीचा खरा कस धुण्यात लागतो: रंग जातो का, आटते का, गोळे येतात का. डिलिव्हरीच्या दिवशी लिहिलेला रिव्ह्यू खोक्याबद्दल आणि कुरिअरबद्दल बोलतो. तो प्रामाणिक असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही. म्हणून दोन-तीन महिने वापरून लिहिलेले शोधा. पाच तारेवाले बहुधा 'मस्त प्रॉडक्ट' म्हणून मोकळे होतात, एक तारावाले कधी कधी उशिरा आलेल्या पार्सलचा राग काढतात. दोन आणि तीन ताऱ्यांचे लोक बहुतेक वेळा नेमकं काय बिनसलं ते सांगतात. तीच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या शब्दांत आली असेल तर ती खरी धरा. उलट एकाच आठवड्यात सारख्याच शब्दांचं कौतुक ओळीनं आलं असेल तर पान बंद करा.

'व्हेरिफाइड' या शिक्क्याचा अर्थ एवढाच की खरेदीची नोंद आहे. पाकिटात 'पाच तारे द्या, कॅशबॅक मिळवा' अशी चिठ्ठी असेल तर तो शिक्का असूनही रिव्ह्यू विकतचाच. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: एकाच पानावर वेगवेगळी मापं, रंग, कधी तर वेगळं कापडही जोडलेलं असतं आणि सगळ्यांचे रिव्ह्यू एकत्र मोजले जातात. तुम्ही डबल घेताय आणि कौतुक सिंगलचं चाललंय, असं होतं. ग्राहकांनी टाकलेले फोटो म्हणूनच मोलाचे, त्यातही पाठीमागच्या बाजूचे. जकार्डच्या चादरीत नक्षी विणलेली असते, ती मागंही उलट रंगांत उठून दिसते. छापील नकलेची पाठ फिकी असते.

ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि दाखवावेत याचं आयएस १९०००:२०२२ हे भारतीय मानक आहे, पण ते ऐच्छिक. विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच रिव्ह्यू लिहिणं मात्र २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बेकायदा आहे.

तारे? २३ जणांच्या ४.८ पेक्षा काही हजारांचं ४.२ मला बरं वाटतं. त्यापलीकडे त्यांना काही किंमत देऊ नये.

याविरुद्ध सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानात चादर उलगडून दोन्ही बाजू बघता येतात, वजन हाताला कळतं. पण दुकानदाराचा शब्द हाही विक्रेत्याचाच दावा. पक्क्या बिलावर 'शुद्ध सुती' आणि निर्मात्याचं नाव लिहून मागा. लिहून द्यायला तो कां-कू करू लागला तर पुढच्या दुकानात जा.

प्रत्येक वस्तूला हा क्रम चालत नाही. शेंगा चटणीची चव पहिल्याच घासाला कळते, तिथं ताजे रिव्ह्यू उपयोगी; सोबत १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक आणि पॅकिंगची तारीख बघा. प्रेशर कुकरच्या बाबतीत रिव्ह्यू बाजूला ठेवा आणि आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासा.

मग मागवायची की नाही? स्वतःला एक-दोन चादरी हव्या असतील आणि निर्माता सोलापूरचा असेल तर जरूर मागवा. आली की धुऊ नका, धुतलेली परत घेत नाहीत. ओला पांढरा रुमाल गडद रंगावर घासून बघा. काठाचा एक सुटा धागा जाळा: सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख उरते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. फसवणूक वाटली तर स्क्रीनशॉट ठेवा आणि संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण हा तुमचा हक्क आहे. नाही झालं तर १९१५ हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथूनच दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. आहेराच्या पंचवीस चादरी असतील तर मात्र सोलापुरात कुणाला तरी दुकानात पाठवा आणि गठ्ठा बांधण्याआधी प्रत्येक नग उलगडून बघायला सांगा.