मधल्या सुट्टीनंतर वर्ग शांत करायला: टाळ, गुंजन की गाळीव गाणं?

खिचडी खाऊन, नळावर हात धुऊन मुलं वर्गात शिरतात ती निम्मी पळतच. कुणाच्या हातात चिंचेचा आकडा, कुणाचं भांडण मैदानावर अर्धवट राहिलेलं. पुढचा तास गणिताचा. "शांत बसा" पाच वेळा म्हटलं की सहाव्यांदा सगळ्यात मोठा आवाज आपलाच असतो, हे पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. म्हणून प्रश्न एवढाच आहे: पाच-सात मिनिटांत वर्ग निवावा, यासाठी रोज एकच खेळ धरायचा तर कोणता?

दोन पर्याय लगेच बाजूला काढता येतील. संगीत खुर्ची हा वर्ग तापवायचा खेळ आहे, निववायचा नव्हे. शिवाय बाद झालेलं मूल पुढची पाच मिनिटं काय करणार, याचं उत्तर त्या खेळात नाही. गोंगाट नेमका तिथूनच सुरू होतो. (घ्यायचीच असेल तर खुर्च्यांऐवजी जमिनीवर वर्तमानपत्राचे कागद पसरा, आणि मुलांना बाद न करता कागद कमी करत जा. शेवटच्या कागदावर सगळे एकमेकांना धरून उभे राहतात. मजा येते, पण शनिवारी.) दुसरा पर्याय ब्लूटूथ स्पीकरवरच्या मंद संगीताचा. वीज, चार्जिंग, जोडणी आणि मध्येच वाजणारा फोन हे सगळं जमवलं तरी तिसऱ्या दिवशी "बाई, ते लग्नातलं गाणं लावा ना" सुरू होतं. स्पीकर दिसला की मुलांना फर्माईश आठवते.

नुसत्या मौनाचा खेळ त्याहून जुना आणि मानाचा. माँटेसरी पद्धतीत मुलं निश्चल बसतात, शिक्षिका दुरून कुजबुजत एकेकाचं नाव घेते आणि नाव ऐकू आलेलं मूल पाय न वाजवता तिच्याकडे जातं. बालवाडीत पंधरा-वीस मुलं असतील तर हा खेळ फार सुंदर होतो. पस्तीसच्या पटाला मात्र एका नावाला दहा सेकंद धरले तरी जवळजवळ सहा मिनिटं लागतात, आणि शेवटच्या पाच जणांनी तोवर बसकरपट्टीचे धागे उसवलेले असतात. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षकही चौथीच्या वर्गात पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्ग त्याला जुमानत नाही. खेळात खोट नाही. धावून आलेल्या मुलाला एकदम शून्यावर आणता येत नाही, एवढंच. मध्ये पायऱ्या लागतात. पुढच्या तिन्ही पर्यायांचं मापही त्यावरूनच घ्यावं: पायऱ्या किती आणि किती सोप्या.

पहिला पर्याय टाळाचा. भजनी टाळांची एक जोडी पुरते. काशाचा टाळ पितळेच्या टाळापेक्षा जास्त वेळ घुमतो. चांगल्या जोडीचा नाद शांत खोलीत पंधरा-वीस सेकंद सहज ऐकू येतो. टाळ धातूला न धरता दोरीला धरायचा, बोट टेकलं की नाद तिथेच मरतो. एक टाळ आडवा, दुसऱ्याची फक्त कड त्यावर हलकेच, आणि लगेच दोन्ही दूर. मुलांनी डोळे मिटून एक हात वर धरायचा आणि नाद पूर्ण संपला असं वाटेल तेव्हा हात खाली करायचा. तीन आघात पुरतात. पहिल्याला मुलं घाई करतात, दुसऱ्याला ऐकायला लागतात, तिसऱ्याला वर्ग इतका निवतो की बाहेरची चिमणीसुद्धा ऐकू येते.

यात बिघडतं ते हातांपाशी. वर केलेला हात खाली येताना बाहीचा आवाज होतो, एक हात पडला की बाकीचे फटाफट पडतात, आणि फटीतून बघणारे असतातच. त्यापेक्षा मूठ मांडीवर ठेवायला सांगा आणि नाद संपला की मूठ उघडायची. शेजाऱ्याला काही कळत नाही, त्यामुळे नक्कलही होत नाही. छप्पर पत्र्याचं असेल तर जून ते सप्टेंबर हा खेळ जवळपास बंद समजा. पावसात टाळाचा शेवटचा अर्धा नाद ऐकूच येत नाही. शेजारच्या वर्गात पाढे चालू असतील तरी तेच. टाळाऐवजी आहाराचं स्टीलचं ताट आणि चमचा वापरायचा मोह होईल, तो आवरा. ताटाचा आवाज फुटका आणि तोकडा असतो, आणि तो ऐकून मुलांना परत जेवण आठवतं.

हे सगळं सांभाळता येतं. सांभाळता येत नाही ती दुसरीच गोष्ट: "बाई, मी वाजवू?"

टाळ टेबलावर दिसला की हे सुरू होतं आणि खेळ संपेपर्यंत थांबत नाही. एकाला दिला की दहा जण उठून जवळ येतात. ज्याच्या हातात आहे तो हळू न वाजवता दणकन वाजवतो, कारण त्याची एकच संधी असते. मग शहाणपणाचा उपाय म्हणून हजेरी क्रमांकाने पाळ्या लावायच्या. पस्तीस मुलं म्हणजे एका मुलाची पाळी पस्तीस शाळेच्या दिवसांनी, दीड-पावणेदोन महिन्यांनी. त्यात सात नंबर आज गैरहजर. मग आजची पाळी आठ नंबरची, की सात नंबर उद्या आल्यावर त्याची? आठ नंबरने आज वाजवलं तर उद्या त्याची परत येणार का? शांततेच्या खेळाआधी रोज दोन-तीन मिनिटं न्यायनिवाडा. शिक्षकानेच वाजवायचा असा नियम केला तर भांडण मिटतं, पण मग वर्गाचे डोळे मिटलेले असताना मागच्या रांगेत काय चाललंय ते बघायला कुणी मोकळं नसतं. ही कटकट किरकोळ वाटेल. वर्षभर रोज सोसली की ती किरकोळ राहत नाही, आणि तराजू इथेच हलला असं प्रांजळपणे सांगायला हवं.

दुसरा पर्याय गुंजनाचा, म्हणजे भ्रामरी प्राणायामाची सोपी आवृत्ती. ओठ मिटून, अंगठ्यांनी कान बंद करून श्वास सोडताना 'म्' धरायचा, चार वेळा. हातात वस्तू नाही, पाळी नाही, वाद नाही. परिपाठानंतर किंवा चाचणीआधी हा पर्याय फार चांगला आहे. जेवणानंतर मात्र नको, भरल्या पोटी लांब श्वास मुलांना जड जातो आणि दोघांना तरी ढेकर येते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पहिली-दुसरीत गुंजनाची मोटरसायकल व्हायला वेळ लागत नाही. "कोणाचं जास्त लांब" ही शर्यत आपोआप लागते. आणि डिसेंबर-जानेवारीत निम्म्या वर्गाची नाकं चोंदलेली असतात. चोंदलेल्या नाकाने ओठ मिटून गुंजन होतच नाही, मूल गुदमरल्यासारखं तोंड उघडतं. अशांना तोंड उघडं ठेवून 'आ' म्हणू द्यावं, पण मग कानात घुमणारा जो मऊ आवाज मुलांना आवडतो तो मिळत नाही.

आता गाळीव गाणं. नाव आमचंच, खेळ बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या रूपात चालतो. पाठ असलेलं गाणं हावभावांसह म्हणायचं आणि दर फेरीला त्यातले शब्द गाळत जायचे. हावभाव तेवढे ठेवायचे. गाळलेला शब्द मनात म्हणायचा. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (1882–1967) यांच्या नावाने चालणाऱ्या संगीतशिक्षणात मनातल्या मनात सूर ऐकण्याला मोठं स्थान आहे, तिथेही असे खेळ घेतात. आपल्याकडे 'आपडी थापडी' आहे, आणि तिचा शेवट जणू याच कामासाठी बेतलेला: 'गडप' म्हणताच दोन्ही हात पाठीमागे नाहीसे. हात पाठीमागे गेलेल्या मुलाला शेजाऱ्याची खोडी काढता येत नाही.

घ्यायचं असं. पहिली फेरी पूर्ण आवाजात, पूर्ण टाळीने. मुलं पळून आलेली असतात, त्यांना एकदा ओरडू द्यावं. चाल मिनिटाला साधारण शंभर टाळ्यांची. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गाळायचा, टाळी तीन बोटांची. तिसऱ्या फेरीत ओळीचा पहिला शब्द फक्त उच्चारायचा, बाकीचं मनात, टाळी दोन बोटांची. चौथीत सगळं मनात, एका बोटाने तळव्यावर ठेका, चाल भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याइतकी. शेवटचा 'गडप' तेवढा सगळ्यांनी मिळून, कुजबुजत. चार फेऱ्यांना तीन-साडेतीन मिनिटं लागतात. बोटं कमी करत जायची युक्ती पावसाच्या टाळ्यांची आहे. फरक इतकाच की त्या खेळात एका बोटापासून पाचापर्यंत चढतात आणि वर्ग वादळातच अडकून बसतो. इथे फक्त उतरायचं.

सूर खालचा धरा. पेटी असेल तर पांढरी दोनचा सा ठीक बसतो. उत्साहात चढा सूर लावला की मुलं गात नाहीत, किंचाळतात, आणि मग उतरायला एक फेरी जास्त लागते. गुरुजींसाठी एक खास सूचना: आपण आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे खालच्या सप्तकात सुरू केलं की पहिलीची मुलं तोच सूर शोधायला घसा खरवडतात. एखाद्या सुरेल मुलीला सुरुवात करायला सांगा. इथे पाळीचं भांडण होत नाही, कारण दुसऱ्या शब्दापासून सगळेच गात असतात.

दोष याचेही आहेत. मुलं मनात म्हणताना धावतात. चौथ्या फेरीत काही जण 'गडप'ला तीन-चार ठेके आधीच पोचतात. म्हणून एका बोटाचा ठेका सोडायचा नाही, आणि शिक्षकाने तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरून द्यायचा. गाळलेल्या शब्दाच्या जागी कुणी चुकून मोठ्याने बोलतोच, आणि वर्ग हसतो. हसू द्या, बाद कुणालाच करू नका. नवीन गाणं इथे चालत नाही. जे झोपेतही म्हणता येईल तेच गाळता येतं. तीन-चार आठवड्यांनी मुलांना कंटाळा येतो, तेव्हा गाणं बदला, पण ते आधी आठवडाभर परिपाठात म्हणून घ्या. पाठभेदाची तयारी ठेवा: प्रत्येकाची आजी 'आपडी थापडी' थोडी वेगळी म्हणते, त्यामुळे एक पाठ फळ्यावर लिहून पक्का करावा लागतो.

चौथीच्या मुलांना हे बालिश वाटतं, खास करून बहुवर्ग शाळेत जिथे पहिलीही त्याच खोलीत बसते. त्यांच्यासाठी बेचा पाढा चालीत घ्या: 'बे त्रिक' मोठ्याने, 'सहा' मनात. पुढच्या फेरीत 'त्रिक'ही मनात. फक्त बे आणि पाच यांचेच पाढे. सातचा पाढा काढलात तर निम्मा वर्ग शांत होईल खरा, पण धास्तीने.

एक बाब टाळाच्या विरोधात आणि गाण्याच्या बाजूने जाते, ती कमी बोलली जाते. वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल तर नाद संपण्याचा खेळ त्याच्यासाठी नसतोच. हावभाव आणि बोटं मात्र त्याला दिसतात, आणि चौथ्या फेरीत तर ते इतरांच्या बरोबरीने असतं. उलट मोठ्या आवाजाने दचकणारं मूल असेल तर पहिली दणदणीत फेरी त्याला त्रासाची होते. त्याला दाराजवळ बसवा किंवा त्या दिवशी थेट दुसऱ्या फेरीपासून सुरू करा.

मग टाळ कुणी घ्यावा? पट वीसच्या आत, स्लॅबची खोली, शेजारी रिकामा वर्ग, आणि पाळ्यांचा हिशेब ठेवायला हौशी वर्गप्रमुख असेल तर टाळ घ्या. तीन आघातांनंतरची ती शांतता गाण्याला कधी येत नाही, हे कबूल. तीस-पस्तीसचा पट, पत्रा, आणि मध्ये नुसता पडदा किंवा कपाट असलेल्या दोन वर्गांची खोली असेल तर गाण्याकडे वळलेलं बरं. मोजमाप कुणी ठेवलेलं नाही, पण गाळीव गाण्यानंतर फळ्यावर तारीख लिहून होईपर्यंत वर्ग टिकतो आणि टाळानंतर बहुधा टिकत नाही, कारण टाळ परत कपाटात ठेवतानाच "उद्या माझी पाळी" सुरू झालेलं असतं.

'गडप' झाल्यावर "शाब्बास!" असं मोठ्याने म्हणू नका, टाळ्याही वाजवून घेऊ नका. हात अजून पाठीमागे आहेत तोवर त्याच कुजबुजत्या आवाजात सांगा: "गणिताचं पुस्तक. पान अठरा."