सहकारनगरमधला सडका गुलमोहर उतरवून घेतला – ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगतो, हे झाड उतरवणारे लोक स्वस्त नाहीयेत. तीन मजली बिल्डिंगच्या उंचीचा गुलमोहर, एका अंगाला कंपाऊंड आणि पलीकडं शेजारच्यांची पत्र्याची शेड, दुसऱ्या अंगाला आमचं पार्किंग, फांद्यांना लागून लाईटच्या तारा आणि बुंधा आतून सडलेला, एवढ्या कामाचे ह्यांनी ५८ हजार घेतले आणि जमिनीतलं खोड काढायचे वेगळे. दुसऱ्या एकानं हेच काम २२ हजारात करतो म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं आमच्या खजिनदार काकांचा जीव अजून मधल्या ३६ हजारात अडकलाय. तरी मी चार स्टार देतोय. वळीव सुरू झाला की पुण्यात प्रत्येक दुसऱ्या सोसायटीत कुठलं ना कुठलं झाड वाकडं दिसायला लागतं आणि मग कोणीतरी म्हणतं "माझ्या ओळखीत एक आहे, हजार रुपयात फांदी उतरवतो", म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं झाड वरून एकदम हिरवंगार होतं, मे महिन्यात फुललं पण होतं, आणि भांडणाचं मूळ तेच. अर्धी सोसायटी म्हणत होती जिवंत झाड कशाला पाडताय. बुंध्याला जमिनीलगत एक तपकिरी, वरून पॉलिश केल्यासारखी चकचकीत आणि कडेला पांढरी अशी अळंबी आली होती, आणि आजूबाजूच्या पेव्हर ब्लॉकवर कोको पावडरसारखी तपकिरी धूळ पडायची, आम्हाला वाटायचं कोणीतरी माती झाडत नाहीये. ह्यांचे जे मुख्य सर आहेत त्यांनी फोटो बघूनच सांगितलं, ही गॅनोडर्मा, मुळं आणि बुंध्याचं लाकूड खाणारी बुरशी आहे आणि ती धूळ म्हणजे तिचे बीजाणू. पाणी वर नेणारं लाकूड सालीच्या लगेच आतल्या थरात असतं, तो थर शाबूत असला की पानं हिरवीच राहतात, आणि तरी आतला गाभा सडून झाड कमजोर झालेलं असू शकतं. म्हणजे फुललंय म्हणून मजबूत आहे हा आमच्या काकूंचा मुद्दा तिथंच बाद झाला (त्यांना मान्य नाही, असो).

बघायला आले तेव्हा साधी लाकडी हातोडी घेऊन बुंध्याभोवती फिरत ठोकत बसले, कान लावून. वर खणखणीत आवाज आणि खाली शेडच्या बाजूला नुसतं ढप ढप, ते आम्हालासुद्धा कळलं. मग लांब बारीक ड्रिलनं दोन-तीन ठिकाणी भोक पाडून भुसा हातावर घेऊन दाखवला, आधी फिकट कोरडा भुसा, मग एकदम ड्रिल आत सरकलं आणि काळपट ओला चुरा बाहेर आला. रस्त्याच्या बाजूला चांगलं लाकूड ९ सेंटीमीटर आणि शेडच्या बाजूला जेमतेम ५. झाडांच्या तपासणीत एक ढोबळ हिशोब वापरतात म्हणे, पोकळीभोवती उरलेल्या चांगल्या लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या तीस टक्क्यांच्या खाली गेली की धोका वाढत जातो. आमच्या बुंध्याची त्रिज्या ४० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे १२ तरी पाहिजे होते. त्यात शेडकडं ढोली उघडी पडलेली. नुसत्या ह्या आकड्यावर झाड पाडायचं ठरवत नाहीत हेही त्यांनी सांगितलं, मुळं, झुकाव, खाली काय आहे हे सगळं बघावं लागतं, आणि आमच्याकडं तिन्ही वाईट. काही वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवताना आणि ड्रेनेजची लाईन टाकताना त्या बाजूची मुळं तोडली होती, आणि असल्या जखमांतूनच बुरशी आत शिरते.

मला इथं एक गोष्ट आवडली, त्यांनी लगेच "पाडूनच टाका" म्हटलं नाही. शेजारी आमचाच एक मोठा रेन ट्री आहे, तोही तपासला आणि म्हणाले ह्याला हात लावू नका, चांगला आहे. दुसरा कोणी असता तर दोन्हीचं कोटेशन दिलं असतं.

परवानगी ह्यांच्या कामात येत नाही, ती सोसायटीनंच काढायची. झाड आपल्या आवारात असो, आपणच लावलेलं असो, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली पालिकेच्या उद्यान विभागाकडं अर्ज करावाच लागतो, मग तिथून माणूस येऊन बघतो, झाडावर नोटीस लागते, हरकतींसाठी मुदत असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्यावरचं झाड हेरिटेज धरतात आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची अट आलीय, त्यामुळं वय किती हा प्रश्न पहिला येतो, सोसायटीचे जुने फोटो शोधून ठेवा. ह्यांनी अर्जाला जोडायला तपासणीचा दोन पानी रिपोर्ट फोटोसकट दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. तोपर्यंत कोणीतरी झाडाला पाटी लावली, "येथे गाडी लावू नये, लावल्यास झाड ऐकणार नाही." पाटी लावणाऱ्याची स्वतःची स्कूटर तिथंच असायची.

आता २२ हजारवाला. तो आला, वर बघितलं आणि म्हणाला दोन पोरं चढवतो, फांद्या उतरवतो आणि बुंधा दोर लावून पार्किंगकडं ओढून पाडतो, अर्ध्या दिवसाचं काम. पोरांच्या पायात स्लीपर, कमरेला एक नायलॉनचा दोर, आणि तो दोर बांधणार कुठं तर ज्या झाडावर चढलेत त्याच झाडाला. चांगल्या झाडाला हे एक वेळ चालून जात असेल, इथं बुंधाच सडलाय. झाड गेलं तर त्याला बांधलेला माणूस त्याच्याबरोबर जाणार. आणि ओढून पाडायचं म्हटलं तरी ते नीट लाकडावर अवलंबून असतं. ज्या बाजूला पाडायचं तिकडं पाचर काढतात, मागून काप घेतात आणि मधे लाकडाची एक पट्टी न कापता ठेवतात, ती पट्टी बिजागरीचं काम करते आणि झाडाला दिशा देते. पट्टीच कुजलेली असेल तर ती मधेच तुटते आणि मग झाड त्याला वाटेल तिकडं पडतं, आमच्या केसमधे म्हणजे शेडवर. हे मला आधी माहीत नव्हतं, सरांनी खडूनं बुंध्यावर काढून दाखवलं.

त्यांना खरं तर क्रेनची बास्केट लावून काम करायचं होतं, तेच सगळ्यात चांगलं म्हणाले, माणूस झाडाला शिवतच नाही. पण आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या, वळणावर ट्रान्सफॉर्मर, क्रेन आत येईना. मग ठरलं ते असं की गुलमोहरावर भरवसाच ठेवायचा नाही, माणूस लटकणार रेन ट्रीला. मोठ्या गुलेरीसारख्या काहीतरीनं वजनाची छोटी पिशवी बारीक दोरीसकट रेन ट्रीच्या वरच्या बेचक्यातून पलीकडं टाकली, त्या दोरीला जाड दोर बांधून वर ओढला, मग खालून दोघं तिघं मिळून त्याला लोंबकळले, फांदी हलते का करकरते का बघितलं, दुर्बिणीनं ते बेचकं नीट न्याहाळलं, आणि तेवढं झाल्यावरच चढणारा वर गेला. रेन ट्रीवर चढताना पायाला खिळ्यांचे बूट लावले नाहीत, कारण त्यानं जिवंत झाडाला भोकं पडतात आणि बुरशीला दार उघडतं, ते बूट फक्त तोडायच्या झाडावर वापरतात. असल्या बारीकसारीक गोष्टींवरून माणसं कामाची आहेत का नुसती मशीनवाली आहेत ते कळतं.

त्याआधी गुलमोहराला मधल्या उंचीवर दोन तणावे बांधून घेतले, शेडकडं कलू नये म्हणून. तारांचं म्हणाल तर शटडाऊन असल्याशिवाय मशीन सुरू करणार नाही हे त्यांनी कोटेशनमधेच लिहिलं होतं, म्हणून लाईट बंद असण्याचा गुरुवार धरला आणि महावितरणचा लाईनमन येऊन लाईन बंद करून गेल्यावरच कामाला हात लावला. ढोलीत काठीला मोबाईल बांधून आधी आत बघितलं, घुबड-पोपट-मोहोळ काही नाही ना म्हणून. काही नव्हतं, कुणाचा तरी क्रिकेटचा बॉल निघाला.

काम बघायला अख्खी सोसायटी गॅलरीत. चढणारा रेन ट्रीच्या दोरावर झुलत गुलमोहराच्या फांदीपर्यंत जायचा, तिथं नुसता तोल सांभाळायला एक छोटा पट्टा फांदीभोवती टाकायचा, आतून स्टीलची तार असलेला, चुकून मशीन लागलं तरी पटकन तुटू नये म्हणून, आणि झटक्यात सुटेल असा. कापलेली फांदी खाली टाकायची नाही, ती दुसऱ्या दोरावर. तो दोर रेन ट्रीच्याच पण वेगळ्या फांदीवरच्या कप्पीतून, माणसाचा आणि ओझ्याचा दोर एका जागी नाही. खाली रेन ट्रीच्या बुंध्याला एक लोखंडी नळा बांधला होता, त्याला दोराचे वेढे घेऊन एक जण हळूहळू सोडायचा. मी विचारलं एवढे छोटे छोटे तुकडे का, वेळ जातो की. तर म्हणाले फूटभर जाडीचा तीन फुटी ओला ओंडका पन्नास-साठ किलो भरतो, तो थोडा जरी पडून दोरावर अचानक थांबला तर झटका त्याच्या कितीतरी पट बसतो, म्हणून तुकडा लहान ठेवायचा आणि दोर एकदम आवळायचा नाही, थोडा पळू द्यायचा.

सगळ्या फांद्या एका बाजूनं उतरवल्या नाहीत हेही लक्षात आलं. आधी शेडकडच्या दोन, मग पार्किंगकडची एक, मग परत इकडची, कारण एक बाजू रिकामी केली की सगळं वजन दुसरीकडं जातं आणि सडका बुंधा तेवढं निमित्त शोधत असतो. दुसरा एक चढणारा पूर्ण वेळ हार्नेस घालून खाली नुसता उभा, मला वाटलं फुकटचा पगार, पण वरच्याला काही झालं, बेशुद्ध पडला, तर त्याला उतरवायला हाच जाणार. हार्नेसमधे बेशुद्ध माणूस लटकत राहिला तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं, अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत थांबता येत नाही. त्या २२ हजारात हा माणूस नव्हता, तणावे नव्हते, दुसरा दोर नव्हता. फरक तिथं आहे काका.

दुपारी आभाळ भरून आलं, जरासा वारा सुटला आणि ह्यांनी सरळ काम बंद केलं. अर्धं झाड उभं, तणावे घट्ट करून, पार्किंगला पट्ट्या बांधून घरी गेले. सोसायटीत जाम चिडचिड, गाड्या अजून एक आठवडा बाहेर कारण शटडाऊन पुढच्या गुरुवारी. मी पण वैतागलो होतो पण त्या संध्याकाळी जो वळीव झाला त्यात कोणी वर नव्हतं ते बरंच. पुढच्या वेळी उरलेल्या फांद्या आणि खोड वरून कापत कापत आणलं, शेवटचा पाच-सहा फुटी पोकळ भाग जमिनीवरून पाचरी मारून पाडला. कापल्यावर आत बघितलं तर हात घालून चुरा काढता येत होता.

एक स्टार का कापला तेही सांगतो. दोन्ही दिवशी आठची वेळ देऊन साडेदहा-अकराला उगवले, शटडाऊनचा निम्मा वेळ तिथंच गेला. भुसा नीट उचलला नाही, गाड्यांवर आठवडाभर पिवळा थर होता आणि वॉचमन रोज पाणी मारत बसला. कंपाऊंडच्या जाळीचा एक कोपरा दबला, तो "करून देतो" म्हणाले, अजून देतायत. ओंडके न्यायचं कोटेशनमधे होतं पण बारीक फांद्या नाहीत, हे आधी तोंडानं सांगायला पाहिजे होतं, त्या उचलायला आम्हाला वेगळा टेम्पो करावा लागला. आणि लाकडाची किंमत वजा करा म्हणून खजिनदार काकांनी घासाघीस केली, पण सडक्या गुलमोहराला भवानी पेठेत टिंबर मार्केटला कोण विचारतंय, जळण म्हणूनच जातो.

खोड काढायचे ७ हजार जास्तीचे आम्ही दिले आणि तुम्हीही द्या, कारण गॅनोडर्मा जमिनीतल्या मुळांवर टिकून राहते. त्याच खड्ड्यात लगेच नवीन झाड लावू नका असं त्यांनी लिहून दिलंय, म्हणून बहावा गेटच्या पलीकडच्या बाजूला लावतोय.

फोन उचलत नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो टाका, एक बुंध्याचा जवळून, एक लांबून तारा आणि आजूबाजूची घरं दिसतील असा, आणि गल्ली किती रुंद आहे ते लिहा, मग त्यांचाच फोन येतो. पैसे दोन हप्त्यात चालतात, बिल मागितलं की जीएसटी वर लागतो.