भिंतीवरचा फुटबॉल, नान खलिया आणि न मिटणारा वाद

छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानापासून चालत दहा-बारा मिनिटांवर, जुन्या शहरातल्या एका गल्लीत, नान खलियासाठी ओळखले जाणारे एक हॉटेल आहे. या परीक्षणात त्याच्याविषयी दोन-तीन तक्रारी असल्याने नाव लिहीत नाही. शहरातल्या फुटबॉलवाल्यांना ते वर्णनावरून कळेल, आणि इतरांनी मैदानावर संध्याकाळी सराव करणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारले तरी तो गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडील. गेल्या हिवाळ्यात मी तिथे चार शनिवार जेवलो, चार सामने पाहिले आणि चारही वेळा घरी पोहोचायला मध्यरात्र उलटून गेली. याचे कारण सामने नव्हते.

आधी जेवणाविषयी. नान खलिया हा या शहराचा स्वतःचा पदार्थ आहे. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्या फौजेसाठी तो शिजू लागला, असे सांगतात. इथला खलिया, म्हणजे मांसाचा रस्सा, मोठ्या डेगीत मंद आचेवर शिजतो, वर तर्रीचा लाल थर असतो आणि मांस हाडापासून बोटाने सुटते. हळदीने पिवळा झालेला नान भट्टीतून निघाल्यावर पहिली पाच मिनिटे अप्रतिम, पुढची पाच मिनिटे चांगला आणि त्यानंतर चामड्यासारखा लागतो, म्हणून सामन्याच्या नादात तो ताटात पडू देऊ नये. शाकाहारी माणसाची सोय डाळ आणि तंदुरी रोटी एवढीच आहे. डाळ बरी असते. चहा फार गोड असतो, आणि कमी साखरेचा मागितला तरी तोच येतो.

सामने माडीवर दाखवले जातात. पडदा नाही, चुना मारलेली भिंत आहे. तिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून एक तडा तिरपा खाली उतरला आहे, त्यामुळे त्या बाजूने आलेला प्रत्येक क्रॉस हवेत क्षणभर मोडल्यासारखा दिसतो. आवाज स्वच्छ आहे. माझी खरी तक्रार प्रक्षेपणाबद्दल आहे: ते इंटरनेटवरून येत असल्याने अर्धा मिनिट मागे चालते, आणि खालच्या पानटपरीवर साधा टीव्ही लागलेला असतो. टपरीवरून आरडाओरडा ऐकू आला की माडीवर सगळे गप्प होतात आणि अजून न झालेल्या गोलाची वाट पाहू लागतात. मालकांना सगळे मामू म्हणतात. ही तक्रार केली तेव्हा ते म्हणाले की टपरीवाला त्यांचा जुना भाडेकरू आहे, त्याला टीव्ही बंद करायला कसे सांगणार.

मामूंचा एक नियम आहे. खेळ चालू असताना वाद घालायचा नाही. मध्यंतराची पंधरा मिनिटे आणि सामना संपल्यानंतर शेवटचे ग्लास विसळून होईपर्यंतचा वेळ वादासाठी मोकळा, आणि ज्याचा आवाज चढेल त्याने त्या टेबलाच्या चहाचे पैसे द्यायचे. हा नियम 2022 च्या कतारमधील विश्वचषकात पडला असे जुने गिऱ्हाईक सांगतात. कतारचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे असल्याने त्या वर्षीचे बरेचसे सामने दुपारी साडेतीन ते रात्री साडेनऊ या वेळेत सुरू होत, अंतिम सामना रात्री साडेआठला होता, आणि झोपमोड न करता विश्वचषक पाहायला मिळाल्याने माडी महिनाभर ओसंडून वाहत होती. ही सोय आपल्याला कोणत्या किमतीत, म्हणजे तिथे राबलेल्या मजुरांच्या किती हालांवर मिळाली, हा प्रश्न सुरुवातीच्या आठवड्यातच एका टेबलावर निघाला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. 11 डिसेंबर 2024 रोजी फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, 2034 चा विश्वचषक सौदी अरेबियाला दिला तेव्हा त्याला नवे खतपाणी मिळाले.

वाद घालणारे मुख्यतः तिघे आहेत. पहिले भूगोलाचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात आणि जे अजूनही रविवारी सकाळी मुलांना मैदानावर घेऊन जातात. दुसरा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. रोनाल्डो सौदीच्या अल नस्र संघात गेल्यापासून तो त्याच संघाची पिवळी जर्सी घालतो आणि ती खलियाच्या डागांपासून जिवापाड जपतो. तिसरे चाचा. ते 2013 ते 2019 अशी सहा वर्षे दोहा शहराच्या परिसरात वेल्डिंगच्या कामावर होते.

मी गेलो त्या पहिल्या शनिवारी मध्यंतरात विद्यार्थ्याने नेहमीचा मुद्दा मांडला: खेळात राजकारण आणू नये. सरांना हे वाक्य मुळीच खपत नाही. मुसोलिनीच्या इटलीत 1934 मध्ये आणि लष्करी राजवटीखालच्या अर्जेंटिनात 1978 मध्ये विश्वचषक झाला, तेव्हा राजकारण प्रेक्षकांनी नव्हे तर यजमानांनी आणले होते, असे त्यांचे म्हणणे. 2 डिसेंबर 2010 रोजी झुरिचमध्ये एकाच बैठकीत 2018 चा विश्वचषक रशियाला आणि 2022 चा कतारला देण्यात आला, आणि कतारने शेवटच्या फेरीत अमेरिकेला 14 विरुद्ध 8 मतांनी मागे टाकले. सौदी अरेबियाच्या वेळी तर मतमोजणीचीही गरज पडली नाही. ऑस्ट्रेलियाने 2023 मध्ये माघार घेतल्यावर एकच दावेदार उरला आणि ऑनलाइन अधिवेशनात टाळ्यांच्या गजरात ठराव संमत झाला. फिफाच्याच मूल्यांकनात या दाव्याला 500 पैकी 419.8 गुण आणि मानवाधिकारांच्या बाबतीत 'मध्यम' धोका असा शेरा मिळाला होता. सर म्हणाले की दहावीच्या परीक्षेत अशी उत्तरपत्रिका आली असती तर त्यांनी ती फेरतपासणीला पाठवली असती.

विद्यार्थी लेचापेचा नाही. त्याने जर्मनीचे उदाहरण काढले. 23 नोव्हेंबर 2022 रोजी जपानविरुद्धच्या सामन्याआधी जर्मन खेळाडूंनी संघाचे छायाचित्र काढताना तोंडावर हात ठेवले, कारण भेदभावाच्या विरोधातला, 'वन लव्ह' लिहिलेला दंडपट्टा बांधल्यास पिवळे कार्ड दाखवण्याची तंबी फिफाने दिली होती. त्यानंतर सहाच दिवसांनी, 29 नोव्हेंबरला, कतारमधून जर्मनीला वर्षाला वीस लाख टनांपर्यंत द्रवरूप नैसर्गिक वायू पंधरा वर्षे पुरवण्याचा करार जाहीर झाला. तोंडावर हात आणि नळाला तोंड, असे तो म्हणाला आणि माडी हसली. सरांनीही हसून मान्य केले, पण लगेच विचारले की जर्मन सरकार ढोंगी ठरले म्हणून कतारमधल्या मजुराला त्याचा पासपोर्ट परत मिळाला का. (भारतही आपला बराचसा स्वयंपाकाचा गॅस आखाती देशांकडूनच घेतो, त्यामुळे आमच्या ताटाखालच्या शेगडीचा हिशेब कोणी काढला नाही, ही माझी नोंद.)

या ठिकाणाला मी इतर स्क्रीनिंगच्या जागांपेक्षा वरचा दर्जा का देतो, ते चाचा बोलू लागले की कळते. टीव्हीवरच्या चर्चेत मजूर हा आकडा असतो, इथे तो समोर बसून नानचा तुकडा तर्रीत बुडवत असतो. चाचांचा पासपोर्ट 'ईसीआर' शिक्क्याचा, म्हणजे दहावी न झालेल्यांना आखातात जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते तो. मुंबईतल्या एजंटला पैसे देण्यासाठी त्यांनी घरातले सोने गहाण ठेवले. इथे सही केली तो पगार तिथे पोहोचल्यावर निराळाच निघाला. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात गेला, आणि कफाला पद्धतीत मालकाच्या परवानगीशिवाय दुसरी नोकरी धरता येत नव्हती, देश सोडायलाही त्याचाच परवाना लागे. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय टोळी सोडता येत नाही, तसेच हे, एवढेच त्यांनी म्हटले, आणि मराठवाड्यातल्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. कतारने 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारे ना-हरकत प्रमाणपत्र रद्द केले आणि मार्च 2021 पासून किमान वेतन महिना 1000 रियाल केले. चाचा तोवर परतले होते. सुधारणा खऱ्या आहेत, पुतण्याला त्यांचा फायदा झाला, हे ते स्वतःहून सांगतात. पण विश्वचषकाच्या कॅमेऱ्यांचा झोत नसता तर त्या झाल्या असत्या असे मात्र त्यांना वाटत नाही, आणि याच कारणाने ते बहिष्काराच्या विरोधात आहेत.

आकड्यांवरचा वाद तिसऱ्या शनिवारी रंगला. एका ब्रिटिश दैनिकाने फेब्रुवारी 2021 मध्ये लिहिले होते की यजमानपद मिळाल्यापासून भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांचे 6500 हून अधिक स्थलांतरित मजूर कतारमध्ये मरण पावले, त्यांत 2711 भारतीय होते. विद्यार्थ्याने नेमका आक्षेप घेतला: हा आकडा सर्व कारणांनी झालेल्या सर्व मृत्यूंचा आहे, स्टेडियमच्या कामाचा नाही. आयोजन समितीच्या मते स्टेडियमच्या बांधकामावर कामाशी थेट संबंधित मृत्यू तीनच होते, आणि समितीच्या प्रमुखांनी नोव्हेंबर 2022 मध्ये एका मुलाखतीत स्पर्धेशी निगडित सर्व कामे धरून 400 ते 500 असा अंदाज सांगितला. आक्षेप बरोबर होता, सरांनीही तो मान्य केला. चाचांनी मात्र नान खाली ठेवला. ते स्टेडियमवर कधीच नव्हते. ते रस्त्याच्या आणि हॉटेलांच्या कामावर होते. त्यांच्या खोलीतला तेलंगणातला एक जोडीदार रात्री झोपला तो सकाळी उठला नाही, आणि दाखल्यावर नैसर्गिक कारण, हृदयक्रिया बंद पडणे असे लिहिले गेले. स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर डांबर टाकणारा माणूस उन्हाने खचून खोलीत मेला, तर तो विश्वचषकाच्या कोणत्या रकान्यात मांडायचा, एवढेच त्यांनी विचारले. त्या मध्यंतरात कोणाचाच आवाज चढला नाही.

ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने फिफाकडे मजुरांच्या भरपाईसाठी 44 कोटी डॉलरचा निधी मागितला होता, म्हणजे स्पर्धेच्या एकूण बक्षिसांइतकाच. ही मागणी चाचांना सर्वांत व्यवहार्य वाटते, कारण मेलेल्याच्या घरी दंडपट्टा नाही तर पैसे पोहोचतात.

सौदीचा प्रश्न त्याहून मोठा आहे हे तिघांनाही मान्य आहे. पाच शहरांत पंधरा स्टेडियम, त्यांतली बहुतेक अजून बांधायची, आणि 2022 च्या जनगणनेनुसार तिथल्या 3 कोटी 22 लाख लोकसंख्येत दहापैकी चार जण परदेशी. त्यांत वीस लाखांहून अधिक भारतीय आहेत. म्हणजे पुढच्या काही वर्षांत आमखासच्या आसपासची किती मुले वेल्डर, चालक आणि सुतार म्हणून तिकडे जातील, हा या माडीवर आकडेमोडीचा नव्हे तर घरचा प्रश्न आहे. 12 मार्च 2022 रोजी तिथे एकाच दिवशी 81 जणांना मृत्युदंड दिला गेला, याची आठवण सरांनी करून दिली. विद्यार्थ्याने उत्तर दिले की 2018 पासून तिथल्या स्त्रिया स्टेडियममध्ये बसतात आणि गाडी चालवतात, बदल असाच होतो. मग त्याने ठेवणीतला पत्ता टाकला: आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये बीड जिल्हा देशभर गाजला, तेव्हा आपण सौदीला कोणत्या तोंडाने विचारणार? कतारच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो यांनी युरोपला सुनावताना हीच चाल वापरली होती, युरोपीयांनी जगात जे केले त्याबद्दल पुढची तीन हजार वर्षे माफी मागावी, असे ते म्हणाले होते. माझे मत सरांच्या बाजूचे आहे. या युक्तिवादाने बीडची बाई सुटत नाही आणि रियाधचा मजूरही सुटत नाही, दोघांबद्दल बोलायचे तेवढे थांबते.

आता शेवटची तक्रार, आणि ती लिहिताना मला अवघड वाटते, कारण मामूंचे आदरातिथ्य मनापासूनचे आहे. माडीवर वाढणारा मुलगा धारूर तालुक्यातला आहे, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. त्याचे आईवडील दिवाळीनंतर कोयत्यावर सांगली जिल्ह्यात गेले होते. तो सकाळी अकराला कामावर येतो आणि सामना लांबला की रात्री एकनंतर मोकळा होतो. चौथ्या शनिवारी, कफालावरचा वाद ऐन रंगात असताना, मी त्याला सुट्टीबद्दल विचारले. महिन्यात दोन असतात, पण शनिवारी-रविवारी मिळत नाहीत, म्हणाला. मी हे मामूंच्या कानावर घातले. ते थोडा वेळ गल्ल्यातल्या नोटा सारख्या करत राहिले आणि मग म्हणाले की बघतो, साहेब. मुलाला मी शेवटी विचारले की तुझा संघ कोणता. त्याने एकही सामना पुरता पाहिलेला नाही. गिऱ्हाइकांना भिंत अडू नये म्हणून त्याला भिंतीखाली, तिच्याकडे पाठ करून उभे राहावे लागते, आणि गोल झाला की तो त्याला आमच्या तोंडांवरून कळतो.

शनिवारी साडेसातच्या आत पोहोचावे, जिन्याजवळचे टेबल धुरामुळे टाळावे. गाडी गल्लीत नेऊ नये. नान रात्री नऊपर्यंत संपतात. दोघांचे बिल चारशे रुपयांच्या आत होते आणि रोख द्यावे लागते.