बंद कारखान्याचे गोदाम आणि माझे अकरा लाख

सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका बंद कारखान्याची शेड गोदामासाठी घेण्याच्या नादात २०२५ साली माझे ११ लाख १५ हजार रुपये गेले. नाशिकमध्ये जुनी शेड घेऊन तिचे गोदाम करण्याचा विचार माझ्या ओळखीतले आणखी दोघे-तिघे करीत आहेत, म्हणून झालेला प्रकार लाज बाजूला ठेवून लिहीत आहे.

माझा व्यवसाय पॅकिंगच्या मालाचा आहे. द्राक्षांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी खोकी आणि ग्रेप गार्डचे (द्राक्षे टिकवण्यासाठी खोक्यात घालायचे) कागद भरून ठेवावे लागतात, आणि हा माल ओल अजिबात सहन करीत नाही. सहा हजार चौरस फुटांची, ट्रक थेट आत घेता येईल अशी शेड बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी भाड्यात मिळते आहे, असे एका दलालाने सांगितले आणि जून महिन्यात मी जागा पाहायला गेलो. कारखान्याचा मालक म्हणून जे गृहस्थ भेटले, त्यांच्याकडे चाव्यांचा जुडगा होता, रखवालदार त्यांना ‘साहेब’ म्हणून सलाम करीत होता आणि कचेरीच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांची हार घातलेली तसबीर होती. एवढ्यावर माझी खात्री पटली. लोखंडी फाटक सगळे गंजलेले होते. फक्त छातीच्या उंचीवर वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा चौकोन ताज्या राखाडी रंगाने रंगवलेला होता. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “रंगाचा नमुना मारून बघितला, शेठ.” मीही हसून पुढे गेलो.

कागदपत्रांत त्यांनी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) भाडेपट्ट्याची झेरॉक्स दाखवली. मूळ प्रत मागितली, तर ती वकिलाकडे असल्याचे सांगितले. एमआयडीसीचा भूखंड साधारणतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला असतो, जमीन महामंडळाचीच राहते आणि ती पोटभाड्याने द्यायची असेल तर महामंडळाची पूर्वपरवानगी व त्यासाठीचे शुल्क लागते, हे मला ऐकून माहीत होते. कारखान्यासाठी दिलेल्या जागेत नुसते गोदाम चालवायचे असेल तर वापर बदलण्याचाही प्रश्न येतो. त्यावर “परवानगीचे मी बघतो, तुम्ही काम सुरू करा, हंगाम तुमचा आहे,” असे उत्तर मिळाले आणि मला ते सोयीचे वाटले. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीपुढे, अकरा महिन्यांचा करार झाला. अनामत सहा लाख रुपये दिली. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीकृतच असावा लागतो, हे घरभाड्याच्या वेळी मी स्वतः पाळले होते, येथे मात्र ते सोडून दिले.

पुढचे दोन महिने मी जागेवरच होतो. जुन्या प्रेसच्या फाउंडेशनचे खड्डे भरून घेतले. तळात वर्षानुवर्षे मुरलेले तेल इतके होते की नवे काँक्रीट धरत नव्हते. वरचा थर फोडून काढावा लागला. अर्ध्या शेडमध्ये ट्रायमिक्सची (जास्तीचे पाणी शोषून काढलेल्या टणक काँक्रीटची) जमीन केली, तिला ३ लाख ४५ हजार लागले. फुटलेले सिमेंटचे पत्रे बदलणे, वायरिंग आणि साफसफाई यांत आणखी १ लाख ७० हजार गेले. या काळात मालकाने एक अट घातली होती: भंगार त्यांचे, उचलण्याची मजुरी माझी. त्यानुसार ओव्हरहेड क्रेन आणि तिचे गर्डर कापून ट्रकमध्ये भरले गेले आणि गेटपासवर मीच सही केली. त्या सहीने पुढे मला पैशांपेक्षा जास्त त्रास दिला.

ऑगस्टच्या शेवटी बँकेचे दोन अधिकारी आले आणि त्यांनी फाटकावर ताबा घेतल्याची नोटीस चिकटवली. ती नेमकी त्या राखाडी चौकोनावर बसली. पहिली नोटीस तेथेच होती, ती खरवडून वर रंग मारलेला होता.

बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यानुसार थकबाकीदाराला आधी ६० दिवसांची मागणी नोटीस दिली जाते, आणि ती मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय त्याला तारण मालमत्ता विकता येत नाही किंवा भाड्यानेही देता येत नाही. माझ्या कराराच्या कितीतरी आधी ही नोटीस मालकाला मिळालेली होती. भाडेपट्ट्याची मूळ प्रत वकिलाकडे नव्हे, बँकेच्या तिजोरीत होती. क्रेनही कर्जात तारण होती, त्यामुळे ती कोठे गेली याचा जबाब अधिकाऱ्यांनी प्रथम माझ्याकडे मागितला. व्हॉट्सअॅपवरचे “भंगार आपले” हे संदेश मी जपून ठेवले नसते तर मी आज आरोपी असतो.

हे सारे आधी कळू शकले असते. ताबा घेतल्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत, त्यांतील एका स्थानिक भाषेतील पत्रात, छापावी लागते. माझ्याच घरी येणाऱ्या पेपरात असल्या नोटिसा असतात आणि मी ते पान रोज उलटून टाकतो. बँकांच्या तारणाची नोंद सर्साई या केंद्रीय नोंदवहीत थोडे शुल्क भरून कोणालाही पाहता येते. कारखाना कंपनीच्या नावावर असेल तर कंपनी निबंधकाकडील बोजांची नोंदही खुली असते. भूखंड क्रमांक घेऊन महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात जाण्यास मला वीस मिनिटे लागली असती. विजेची थकबाकी तर मी ग्राहक क्रमांक टाकून पाहू शकलो असतो. ती निघाली, आणि जुन्या थकबाकीचा तगादा त्या जागेत येणाऱ्या नव्या ग्राहकामागे लागू शकतो, हे मला त्यानंतर समजले.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली मी फसवणुकीची तक्रार दिली आहे. दलाल म्हणतो, त्याने फक्त ओळख करून दिली. त्याची दलाली मात्र त्याने रोखीने घेतली होती. गृहस्थांचा फोन बंद आहे. नोंदणी नसलेल्या करारावर बँकेपुढे माझे काही चालणार नाही, असे वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले.

लिलावापूर्वी बँकेचा मूल्यमापक आला, तेव्हा उरलेला माल हलवण्यासाठी मी तेथेच होतो. त्याने टेप लावून माझी ट्रायमिक्सची जमीन मोजली, बुटाच्या टाचेने दोनदा ठोकून पाहिली आणि वहीत लिहिले: नवीन फ्लोअरिंग, स्थिती उत्तम.