साडीच्या दुकानात संगीत-सेवा : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

नाशिकला मेन रोडच्या बाजारात आमचं साडीचं दुकान आहे. खाली रोजच्या साड्या, वर पैठण्या आणि बस्त्याची गादी. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही दुकानासाठी संगीताची वर्गणी घेतली. ठरलेले पैसे भरायचे, कंपनी एक छोटा प्लेअर देणार, छतात स्पीकर बसवून देणार आणि गाणीही तीच निवडणार. आता नूतनीकरणाचा फोन येऊन गेलाय, म्हणून ज्यांच्या मनात अशी सेवा घ्यायचं आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही. दुसऱ्या कंपन्यांची सेवा घेतलेल्या दुकानदारांशी बोलले, तर तक्रारी याच निघाल्या.

आधी चांगलं सांगते. आवाज खरोखर छान आहे. पूर्वी काउंटरच्या मागे एकच मोठा स्पीकर होता. जवळ उभ्या असलेल्याचे कान किटायचे आणि दाराशी धड काही ऐकू यायचं नाही. आता छतात लहान लहान स्पीकर आहेत, त्यामुळे सगळीकडे सारखं आणि हळू वाजतं. सकाळी शटर उघडून मेन स्विच दाबला की प्लेअर आपोआप सुरू होतो, कोणाला मोबाईल जोडत बसावं लागत नाही. मध्येच कोणाचा फोन आला म्हणून गाणं तुटत नाही, जाहिराती नाहीत. दिवाळीच्या गर्दीत याचं मोल कळलं.

पण आवाज कमी-जास्त करायचा तो ॲपवरून, आणि दोन्ही मजल्यांचा एकच. मी आमच्या इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक मजल्याला भिंतीवर आवाजाची वेगळी खुंटी बसवून घेतली. एकूण खर्चात सगळ्यात वसूल झालेली वस्तू हीच. कारण लग्नसराईत एकदा वर बस्ता चालू होता. सिन्नरकडचं मोठं कुटुंब, मधोमध आजी, मानाच्या साड्यांची यादी त्यांच्या तोंडपाठ. कोणाला कितीची घ्यायची हे त्या मला हळूच सांगत होत्या, समोर बसलेल्या आत्याबाईंना कळू नये म्हणून. तेवढ्यात ढोलाचं गाणं लागलं. आजी म्हणाल्या, "बाई, ते जरा बंद करता का? मला माझंच ऐकू येईना." खुंटी शून्यावर नेली आणि बस्ता मार्गी लागला. तेव्हापासून गादीवर गिऱ्हाईक बसलं की वरचं संगीत बंद. खालच्या मजल्यावर चालू राहतं, त्याची कोणाची हरकत नसते.

आता मुख्य तक्रार. गिऱ्हाईक अर्धा-पाऊण तास थांबतं, पण दुकानात काम करणाऱ्या आमच्या मुली सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच असतात. सेवेत हजारो गाणी आहेत असं सांगितलं होतं. ती कंपनीच्या सर्व्हरवर असतील, आमच्या प्लेअरमध्ये साठवलेली यादी फारच तोकडी आहे, आणि नेट गेलं की तीच फिरत राहते. "वहिनी, हे परत लागलं बघा," हे वाक्य मी रोज ऐकते. घड्या घालता घालता एकीचं डोकं दुखायला लागतं, दुसरी दुपारी जेवायला मागच्या गोडाऊनमध्ये जाऊन बसते. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं ते याच मुलींनी. त्यांचे कान दिवसभर किटत असतील तर ते संगीत धंद्याच्या कामाचं नाही, हे माझं ठाम मत आहे.

याच्या मुळाशी काय आहे ते शोधायला लागले तेव्हा म्युझॅकची माहिती मिळाली. अमेरिकेतली ही कंपनी. जॉर्ज स्क्वायर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तारांवरून संगीत पोहोचवण्याची कल्पना काढली आणि 1934 मध्ये म्युझॅक हे नाव पडलं. हॉटेलं, कारखाने, कचेऱ्या, सगळीकडे ती पोहोचली. स्वतःच्या वादकांकडून ओळखीच्या चाली मंद करून ती वाजवून घ्यायची. मला महत्त्वाची वाटली ती त्यांची वेळेची आखणी. पाव तास हळूहळू चढत जाणारं संगीत आणि मग पाव तास काहीच नाही. माणूस सतत ऐकू शकत नाही, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यामुळे कामगारांची कार्यक्षमता वाढल्याचे त्यांचे दावे मला फारसे पटत नाहीत, पण शांतता हा सेवेचाच भाग आहे हे मात्र शंभर टक्के पटतं. आमच्या प्लेअरमध्ये विराम टाकायची सोयच नाही. मी विचारलं, तर उत्तर आलं की "शांततेसाठी कोण पैसे देईल?" मी देईन!

म्युझॅक कंपनी 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली, 2011 मध्ये मूड मीडिया या दुसऱ्या संगीत-कंपनीने विकत घेतली आणि 2013 मध्ये म्युझॅक हे नावच बंद केलं. पुढे 2020 मध्ये मूड मीडियालाही दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आपल्याकडे उपग्रहावरून येणारी वर्ल्डस्पेसची सेवा होती, खिडकीशी छोटी अँटेना लावायची. शास्त्रीय संगीताला वेगळी वाहिनी, जुन्या हिंदी गाण्यांना वेगळी, आणि प्रत्येकीमागे गाणी निवडणारी माणसं. ती 2009 च्या डिसेंबरअखेर बंद पडली. मोबाईलवर हवं ते गाणं मिळायला लागल्यावर निवडून देणाऱ्याला पैसे कोण मोजणार? दुकानांतली गाणी वाढलीच, पण ती विचार करून निवडणारा माणूस या धंद्यातून गेला, आणि आमच्या प्लेअरमध्ये नेमकी त्याचीच उणीव आहे.

होळीनंतर आणखी एक बदल झाला. ओळखीची गाणी कमी होत गेली आणि कोणी वाजवलंय, कोणाची चाल आहे, काही कळत नाही असं वाद्यसंगीत वाढलं. विचारल्यावर कळलं, याला रॉयल्टी द्यावी लागत नाही. मराठीच्या नावाखाली गणपतीची गाणी आणि ढोल-ताशा, बस्स. भावगीतं नाहीत, नाट्यपदं नाहीत, जात्यावरच्या ओव्या नाहीत. पैठणी घ्यायला येणाऱ्या बायकांना काय ऐकायला आवडेल याचा विचार कोणी केलेला नाही. मधल्या घोषणा यंत्राच्या आवाजात, आणि त्या यंत्राला 'ळ' येत नाही. आमची जांभळी पैठणी आठवडाभर 'जांभली' होती. शेवटी आमच्याच एका मुलीने घोषणा रेकॉर्ड करून दिली, ती छान झाली.

परवान्याचं नीट समजून घ्या, इथे बरेच दुकानदार गाफील राहतात. मोबाईलवरच्या ॲपची घरगुती वर्गणी दुकानात वाजवायला चालत नाही, त्यांच्या अटींमध्येच वैयक्तिक वापर म्हटलेलं असतं. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे आणि शब्द व चालीचे वेगळे. शब्द-चालीसाठी आयपीआरएस, ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, नोव्हेक्स, आरएमपीएल अशी परवाना देणाऱ्या संस्थांची नावं समोर येतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधींना सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभही धरलेत. बस्त्याच्या दुकानाला मात्र ती नाही. आमच्या वर्गणीत परवाना धरलेला आहे असं तोंडी सांगितलं होतं, करारात नुसतं "लागू असेल त्याप्रमाणे" असं निघालं. सही करण्याआधी कोणत्या संस्थेचा, कोणत्या हक्काचा आणि कोणत्या पत्त्यासाठीचा परवाना आहे, हे लेखी मागा.

विक्री वाढते का, हा प्रश्न सगळे विचारतात. अमेरिकेतले संशोधक मिलिमन यांचा 1982 चा एका सुपरमार्केटमधला अभ्यास नेहमी सांगितला जातो. तिथे संथ संगीतात लोक सावकाश चालले आणि जलद संगीतापेक्षा विक्री 38 टक्क्यांनी जास्त झाली. आमच्या हिशेबात मला काही फरक दिसला नाही. साडीचं गिऱ्हाईक तसंही निवांतच येतं. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांच्या साखळीने तर 2016 मध्ये ग्राहकांच्या तक्रारींवरून दुकानातलं संगीत बंदच केलं.

सध्या आम्ही सकाळी काहीच लावत नाही. संध्याकाळी गर्दीच्या वेळी फक्त खाली चालू, तेही मुलींनी ॲपमधून नको ती गाणी काढून उरलेल्या यादीवर. मुली खूश आहेत. सासऱ्यांनाही हे पटलंय, ते पहिल्यापासून म्हणत होते की दुकानात गिऱ्हाइकाचा आवाज मोठा पाहिजे.

ज्यांचं गिऱ्हाईक पटकन येऊन जातं आणि काम करणारी माणसं पाळीने बदलतात, त्यांनी सेवा जरूर घ्यावी. आमच्यासारख्या बोलून विकायच्या धंद्यात मात्र आधी स्पीकर आणि खुंट्या चांगल्या घ्या, वर्गणीचं नंतर बघा. कंपनीला मी तीन गोष्टी लेखी कळवल्यात: यादीत विराम टाकायची सोय, मराठी गाणी निवडणारा जाणता माणूस आणि परवान्याची प्रत. त्या मिळाल्या तर पुढच्या वर्षाचे पैसे भरू, नाहीतर प्लेअर परत.