ट्रेडमार्क की पेटंट? कोल्हापुरात राहून पॅरालीगल व्हायचं तर

कोल्हापुरात 'पॅरालीगल' म्हटलं की विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आठवतात, नाहीतर वकिलांचे कारकून. मी बोलतेय ते काम तिसरंच. बौद्धिक संपदेचे, म्हणजे ट्रेडमार्क (नाव किंवा चिन्ह) आणि पेटंट (नवा शोध) यांचे अर्ज तयार करायचे, ऑनलाइन भरायचे आणि तारखा सांभाळायच्या. कसबा बावड्याच्या कोर्टात फाइल घेऊन धावायची वेळ यात क्वचितच येते.

ट्रेडमार्कमध्ये माल ओळखीचा असतो. गूळ ३०व्या वर्गात, चप्पल २५व्या, असे एकूण ४५ वर्ग. ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. पण खरी कसोटी फॉर्मच्या आधी लागते. आपल्याकडे निम्म्या दुकानांना देवीचं नाव. 'महालक्ष्मी' शोधायला घ्या, यादी संपतच नाही. "आजोबांपासून हेच नाव आहे" म्हणणाऱ्या मालकाला न दुखावता हे नाव आधीच अनेकांचं आहे असं सांगायचं आणि जुन्या वापराचा पुरावा म्हणून बिलं, जाहिराती शोधून काढायला लावायच्या, हे ज्याला जमतं तो इथे टिकतो. बाकी रोजचं काम ठरलेलं. परीक्षण अहवालाला, म्हणजे रजिस्ट्रीने काढलेल्या हरकतींना, उत्तर द्यायला १ महिना. दर सोमवारी रजिस्ट्रीचं ट्रेडमार्क जर्नल येतं, ते चाळायचं. आपल्या पक्षकाराच्या नावासारखं काही छापून आलं असेल, तर विरोध नोंदवायला ४ महिने.

पेटंटमध्ये फाइली कमी, पण एकेक जड. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदाराला पहिला प्रश्न हाच विचारायचा, "हे प्रदर्शनात कुठे मांडलंत का?" बहुतेक वेळा मांडलेलं असतं, आणि मग पेटंटला लागणाऱ्या नावीन्याचा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. पुढे सगळं लांब पल्ल्याचं. परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांत, पहिल्या परीक्षण अहवालाला उत्तर ६ महिन्यांत, तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण फी, मुदत २० वर्षं. ड्रॉइंग वाचता येत नसेल तर कंटाळा येईल, हे स्पष्टच सांगते.

आता सही. पॅरालीगल कितीही हुशार असला तरी अर्जावर सही अर्जदाराची स्वतःची, नाहीतर नोंदणीकृत एजंटची; ट्रेडमार्कमध्ये वकिलाचीही चालते. ट्रेडमार्क एजंटची परीक्षा कोणत्याही पदवीधराला देता येते. पेटंट एजंटला मात्र विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी. कायद्याची पदवी लागत नाही, हे अनेकांना माहीतच नसतं. अडचण एवढीच की परीक्षा वेळेवर होईल याची खात्री नाही. पेटंट एजंटची २०१८ नंतर थेट २०२३ मध्ये झाली. म्हणून त्या भरवशावर नोकरी सोडू नका.

गावात राहायचं असेल तर माझं मत ट्रेडमार्ककडे झुकतं. सुनावण्या व्हिडिओवर होतात, त्यामुळे राजारामपुरीत बसून मुंबईच्या रजिस्ट्रीचं काम चालतं. पेटंटचं शिकण्यासारखं काम मोठ्या फर्ममध्ये असतं, म्हणजे निदान दोन-तीन वर्षं महालक्ष्मी एक्सप्रेसशी दोस्ती करावी लागते. इंजिनिअर असाल तर ती जरूर करा. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथे आल्यामुळे ट्रेडमार्कच्या दाव्यांची अपिलं आता घराजवळ येतील, हा ट्रेडमार्कवाल्यांना आणखी एक फायदा.

प्राडा या इटालियन ब्रँडने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्याचं प्रकरण गाजल्यापासून "जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) करिअर आहे का?" असं बरेच जण विचारतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच जीआय मिळालाय. त्यानंतरचं काम मुख्यतः कारागिरांना अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदवण्याचं. काम चांगलंय, पण तेवढ्यावर पगार निघणं कठीण.

दोन्हीकडे भीती एकाच गोष्टीची. गंमत बघा, तारीख चुकली तर अर्ज सोडून दिला असं मानणारं कलम दोन्ही कायद्यांत २१ नंबरचंच आहे. माझ्या पहिल्या ऑफिसात विरोधाच्या नोटिशीला २ महिन्यांत उत्तर गेलं नाही, कारण तारीख एका डायरीत होती आणि डायरीवाला गावी यात्रेला. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पगाराच्या आधी विचारा, "तारखा कशात नोंदवता, आणि दुसरं कोण तपासतं?"